फेनवेची हिरवी भिंत

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात फलंदाजाच्या जागी, म्हणजे होम प्लेटपाशी, उभं राहून डावीकडे पाहिलं, की अवघ्या 310 फुटांवर नजर अडते. तिथे 37 फूट उंचीची, तीन मजली घर मागे झाकलं जाईल अशी हिरवी भिंत उभी आहे. जून 1958 नंतर बांधलेल्या मैदानांना कडेच्या रेषेवर किमान 325 फूट अंतर ठेवण्याचा बेसबॉलचा नियम आहे. फेनवे 1912 सालचं, म्हणून त्याला तो लागू होत नाही. उजव्या कोपऱ्यात तर अंतर 302 फुटांवर येतं, आणि मध्याच्या एका कोनाड्यात एकदम 420 फुटांवर जातं. क्रिकेटमध्ये दोरी आत-बाहेर सरकवून सीमारेषा बदलता येते. इथे ती सोय नाही. शहराच्या रस्त्यांमध्ये जेवढी जागा मिळाली तेवढ्यात मैदान बसवलं, आणि डावीकडे लॅन्सडाउन रस्ता आडवा आला म्हणून तिकडे भिंत चढवली.

पहिला अधिकृत सामना 20 एप्रिल 1912 रोजी झाला. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते. यजमान रेड सॉक्स संघाने न्यूयॉर्कच्या संघाला अकराव्या इनिंगमध्ये 7-6 असं हरवलं. तेव्हा भिंत लाकडी होती आणि तिच्या पायथ्याशी मातीचा चढ होता. डफी लुईस हा खेळाडू त्या चढावर पळत जाऊन इतक्या सफाईने झेल घ्यायचा, की चढालाच त्याचं नाव पडलं. मालक टॉम यॉकी यांनी 1934 मध्ये मैदानाची मोठी डागडुजी केली, तेव्हा चढ जवळजवळ सपाट झाला आणि नवी पत्र्याची भिंत आली. पुढे बरीच वर्षं तिच्यावर साबणाच्या आणि ब्लेडच्या जाहिराती होत्या. त्या पुसून हिरवा रंग दिला 1947 मध्ये. ‘ग्रीन मॉन्स्टर’ हे आज सर्वांच्या तोंडी असलेलं नाव त्यानंतरचं.

भिंत जवळ आहे म्हणजे होम रन सोपा, असं वाटेल. गंमत अशी की ती देते तसं काढूनही घेते. दुसऱ्या मैदानात आरामात झेल ठरला असता असा उंच, संथ टोला इथे भिंतीवरून पलीकडे जाऊन होम रन ठरतो. आणि कमी उंचीवरून सणसणत गेलेला, दुसरीकडे हमखास होम रन झालेला टोला इथे भिंतीवर आदळून परत मैदानात येतो. फलंदाज दुसऱ्या बेसवर थांबतो. म्हणून इथला डावीकडचा क्षेत्ररक्षक, म्हणजे लेफ्ट फील्डर, धावण्यापेक्षा वाचण्याचं काम जास्त करतो. चेंडू भिंतीला लागेल, फळ्याला लागेल की मधल्या पट्टीला, त्यावर तो कुठे उसळेल हे ठरतं. टेड विल्यम्स, कार्ल यास्त्रेम्स्की, जिम राइस यांनी ही विद्या वर्षानुवर्षं घोटली. बाहेरून आलेल्या क्षेत्ररक्षकाची भिंतीजवळची चुळबूळ पाहिली, की ही विद्या किती अवघड आहे ते समजतं. माझ्या मते फेनवेत बघण्यासारखी पहिली गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट भिंतीच्या पोटात आहे. पायथ्याचा गुणफलक 1934 पासून हातानेच चालतो. आतल्या अरुंद बोळात माणसं बसतात, फटीतून सामना पाहतात आणि आकड्यांच्या धातूच्या पाट्या खाचांत सरकवतात. आत स्वच्छतागृह नाही, उन्हाळ्यात उकडतं. आतल्या भिंती खेळाडूंच्या सह्यांनी भरल्या आहेत. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या रेषांमध्ये टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं मोर्स लिपीत रंगवलेली आहेत. शेजारच्याने दाखवल्याशिवाय ती सापडत नाहीत.

1975 च्या वर्ल्ड सीरीजमधल्या सहाव्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या सीमाखांबाला लागून होम रन ठरला आणि सामना संपला. चेंडू खांबाच्या आत राहावा म्हणून हातवारे करत उड्या मारणारा फिस्क टीव्हीवर दिसला, तो याच फलकातल्या कॅमेऱ्यातून. शेजारी आलेल्या उंदरामुळे कॅमेरामन चेंडूमागे वळलाच नाही, असं सांगितलं जातं.

उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. 9 जून 1946 रोजी टेड विल्यम्सचा 502 फूट गेलेला टोला तिथे एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर पडला होता.

या मैदानाचं कौतुक करताना 16 एप्रिल 1945 ही तारीख गाळता येणार नाही. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना रेड सॉक्सने चाचणीसाठी बोलावलं, आणि करार कोणाशीच केला नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून खेळला आणि मेजर लीगमधली कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडली. कृष्णवर्णीय पम्प्सी ग्रीनला घेऊन रेड सॉक्सने आपलं दार उघडलं ते 1959 मध्ये, मेजर लीगमध्ये सर्वांत शेवटी. म्हणूनच मैदानाबाहेरच्या रस्त्याला दिलेलं तेव्हाचे मालक यॉकी यांचं नाव 2018 मध्ये काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं गेलं. हे योग्यच झालं.

1999 मध्ये हे मैदान पाडून शेजारी नवं बांधण्याची योजना जाहीर झाली होती. नागरिकांनी विरोध केला. 2002 मध्ये आलेल्या नव्या मालकांनी दुरुस्तीचा मार्ग धरला, आणि 2003 मध्ये भिंतीच्या माथ्यावर खुर्च्या बसवल्या. पुढच्याच वर्षी संघाने 1918 नंतरचं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं.

जायचं असेल तर ग्रीन लाइनच्या गाडीने केनमोर स्थानकावर उतरावं. तिथून मैदान चालत काही मिनिटांवर आहे. तिकीट घेताना खांब आड येतो का ते आधी विचारावं. वरचं छप्पर तोलणारे जुने खांब अजून तसेच आहेत, आणि ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या आजच्या माणसाला अरुंद पडतात. सामना नसेल तेव्हा मार्गदर्शकासोबत आत फिरता येतं, भिंतीवरही जाता येतं. मात्र निवड करता येत असेल तर एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे, गाठावा. त्या दिवशी सामना सकाळीच सुरू होतो, आणि तो सुटल्यावर गर्दी केनमोर चौकाकडे वळते, कारण बॉस्टन मॅरेथॉनचे धावपटू तिथून शेवटचा मैल धावत असतात.