भ्रूणबाह्य पटले

सरीसृप, पक्षी व सस्तन प्राणी यांच्या भ्रूणापासून निर्माण होणाऱ्या, पण त्याच्या शरीरात बहुतांशी समाविष्ट न होणाऱ्या पातळ आवरणांना भ्रूणबाह्य पटले म्हणतात. पीतककोश, उल्ब, जरायू व अपरापोषिका अशी ही चार पटले होत. व्यवहारातील पाणमोट, वार व नाळ हे शब्द यांच्याशीच निगडित आहेत. गर्भजलाने भरलेली पाणमोट म्हणजे उल्ब आणि त्याला बाहेरून चिकटलेला जरायू होय. ही आवरणे मातेच्या शरीराची असतात असा समज रूढ आहे. वस्तुतः ती फलित अंड्यापासूनच उत्पन्न होतात व त्यांची आनुवंशिक घडण गर्भाचीच असते. वारेत मात्र मातेच्या गर्भाशयाच्या अस्तराचाही थोडा भाग असतो.

मासे व बेडूक यांची अंडी सामान्यतः पाण्यात वाढतात. भ्रूणाला लागणारा ऑक्सिजन पाण्यातून मिळतो, त्याची मलद्रव्ये पाण्यात विरून जातात आणि शरीर कोरडे पडण्याचा प्रश्नच नसतो. माशांच्या भ्रूणांना पीतककोश असतो, पण उरलेली तीन पटले त्यांना नसतात. ही तीन पटले प्राप्त झाल्यावर पृष्ठवंशी प्राण्यांना जमिनीवर अंडी घालता येऊ लागली. हा बदल ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी घडला. या प्राण्यांना उल्बी प्राणी असे नाव असले, तरी त्यांच्या यशाचे श्रेय एकट्या उल्बाला देणे योग्य नाही. बंद कवचातील भ्रूणाचे श्वसन व उत्सर्जन चालविणारी अपरापोषिका नसती, तर उल्बातील पाण्याचा फारसा उपयोग झाला नसता.

पटलांचे कार्य कोंबडीच्या अंड्यात सर्वांत स्पष्ट दिसते. उबवणीच्या निरनिराळ्या दिवशी अंडी फोडून आतील फरक पाहण्याची पद्धत ॲरिस्टॉटल यांच्या काळाइतकी जुनी आहे. पीतकाभोवती वाढणाऱ्या पीतककोशाच्या भित्तीत प्रारंभीचे रक्त व रक्तवाहिन्या तयार होतात. पीतक देठातून सरळ आतड्यात ओतले जात नाही. कोशाच्या अस्तरातील कोशिका ते पचवितात व पोषक द्रव्ये रक्तावाटे भ्रूणाकडे जातात. दरम्यान भ्रूणाच्या डोक्याकडून, शेपटीकडून व दोन्ही बाजूंनी घड्या वर येतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास पाठीवर एकमेकींस मिळतात. त्यांचा आतील पदर उल्ब व बाहेरील पदर जरायू बनतो. उल्बातील द्रवात भ्रूण तरंगत राहतो. त्यामुळे त्याला धक्के लागत नाहीत, त्याचे अवयव एकमेकांना चिकटत नाहीत आणि तो वाळत नाही. उल्बाच्या भित्तीत स्नायुतंतू असतात, मात्र त्यांना तंत्रिका नसतात. तरीही ते तालबद्ध आकुंचन पावतात व भ्रूण मंदपणे झुलत राहतो. खुडूक कोंबडी अंडी वारंवार उलटते, त्याचा फायदाही हाच की, भ्रूण व पटले कवचाच्या आतील अस्तराला चिकटून बसत नाहीत. उबवण यंत्रातही याच कारणासाठी अंडी फिरवावी लागतात.

अपरापोषिका ही पश्च आतड्यातून फुग्यासारखी बाहेर येते. ती झपाट्याने वाढून जरायूशी एकजीव होते आणि उबवणीच्या मध्यापर्यंत कवचाचा जवळजवळ संपूर्ण अंतर्भाग व्यापते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात; त्यांतून येणारा ऑक्सिजन या जोडपटलातील रक्तवाहिन्या घेतात व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर सोडतात. कवचातील कॅल्शियमही याच मार्गाने भ्रूणाच्या हाडांपर्यंत पोहोचते. नायट्रोजनयुक्त मलद्रव्ये अल्प विद्राव्य अशा यूरिक अम्लाच्या रूपात अपरापोषिकेच्या पोकळीत साठतात. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू चोचीने वायुकोशाचा पडदा फोडते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. त्याच सुमारास उरलेल्या पीतकासह पीतककोश पोटात ओढला जातो. या शिदोरीवर पिलू एक-दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते. एका दिवसाची पिले दूरदूर पाठविता येतात, ती यामुळेच. एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर येते आणि अपरापोषिका कवचातच मागे राहते.

जरायू-अपरापोषिका पटलावर अर्नेस्ट गुडपाश्चर व ॲलिस वुड्रफ यांनी १९३१ मध्ये कोंबड्यांच्या देवीचा व्हायरस वाढवून दाखविला. त्यानंतर कोंबडीचे अंडे हे व्हायरस वाढविण्याचे स्वस्त साधन ठरले. इन्फ्ल्यूएंझाच्या पुष्कळशा लशींसाठी व्हायरस अजूनही अपरापोषिकेच्या द्रवात वाढवितात.

सस्तन प्राण्यांत अंड्यातील पीतक जवळजवळ नाहीसे झाले, परंतु पटले टिकून राहिली. बदलले ते त्यांचे काम. मानवी भ्रूणाच्या पीतककोशात साठा नसतो. तरी पहिल्या रक्तकोशिका तेथेच तयार होतात आणि पुढे जननग्रंथींत जाणाऱ्या आद्य जननकोशिकाही चौथ्या आठवड्यात त्याच्या भित्तीत आढळतात. अपरापोषिका अगदी लहान असते, पण तिच्या रक्तवाहिन्यांपासून नाळेतील दोन रोहिण्या व एक नीला बनतात. जरायूवरील बोटासारखे असंख्य अंकुर मातेच्या रक्तात बुडलेले असतात. दोन्ही रक्तप्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. देवघेव अंकुरांच्या पातळ भित्तीतून होते. पूर्ण वाढलेल्या वारेचे वजन सुमारे ५०० ग्रॅ. असते.

गर्भजल हे साचलेले पाणी नव्हे. उत्तरार्धात ते मुख्यतः गर्भाच्या मूत्रातून येते व गर्भ ते सतत गिळत असतो. ते फार काळ अत्यल्प राहिल्यास फुप्फुसांची वाढ खुंटते. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांत पटलांची रचना विभाजनाच्या वेळेवर अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत विभाजन झाल्यास प्रत्येकाला स्वतंत्र जरायू व उल्ब मिळतात. चौथ्या ते आठव्या दिवसांत झाल्यास जरायू सामाईक व उल्ब वेगळे असतात. त्यानंतर झाल्यास दोन्ही सामाईक राहतात. सामाईक जरायूत एका जुळ्याचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहून दोघांच्याही जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. म्हणून अशा गरोदरपणात जुळ्यांच्या संख्येइतकीच पटलांची संख्या वेळीच ठरविणे महत्त्वाचे असते.

पटलांची घडण गर्भाचीच असल्याने त्यांच्या कोशिका तपासून गर्भाचे काही आनुवंशिक रोग ओळखता येतात. जरायूच्या अंकुरांचा नमुना साधारणपणे दहाव्या आठवड्यानंतर आणि गर्भजलाचा पंधराव्या आठवड्यानंतर घेतात. थॅलॅसेमियासारख्या रोगांच्या निदानासाठी ही परीक्षा अमोल आहे. परंतु तीच गर्भाचे लिंगही सांगते आणि भारतात स्त्रीगर्भ नष्ट करण्यासाठी तिचा दुरुपयोग होऊ लागला. त्याला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून अंमलात आला आणि गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचा त्यात अंतर्भाव करणारी दुरुस्ती २००३ मध्ये लागू झाली.