अर्ध्या तासाचं प्रथिन

आपल्या शरीरातली बहुतेक प्रथिनं तासन्‌तास टिकतात, काही तर कित्येक दिवस. ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज, म्हणजे ओडीसी, या एन्झाइमच्या वाट्याला एवढं आयुष्य नाही. पेशीत ते तयार होतं आणि साधारण दहा ते तीस मिनिटांत त्यातलं निम्मं मोडून टाकलं जातं. एवढ्या कष्टाने बनवलेलं प्रथिन पेशी लगेच का मोडते? कारण ते ज्या कामाला लागतं, ते काम हाताबाहेर गेलं तर पेशीच हाताबाहेर जाते.

ओडीसी ऑर्निथिनपासून पुट्रेसिन बनवतं. पुट्रेसिनपासून पुढे स्पर्मिडिन आणि स्पर्मिन तयार होतात. या तिघांना मिळून पॉलिअमाइन म्हणतात. यांचे रेणू लहान आणि धनभारित असल्यामुळे ऋणभारित डीएनए आणि आरएनएला ते सहज बिलगतात. लेव्हेनहुकने 1678 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात जे स्फटिक पाहिले, ते स्पर्मिनचेच होते हे पुढे कित्येक पिढ्यांनी कळलं. पॉलिअमाइनशिवाय पेशीचं विभाजन होत नाही. 1968 मध्ये डायेन रसेल आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं, की उंदराचं कापलेलं यकृत पुन्हा वाढू लागलं की तिथे ओडीसीची लगबग एकदम वाढते. कोंबडीच्या भ्रूणात आणि काही अर्बुदांतही त्यांना तेच दिसलं. वाढ निरोगी असो वा रोगट, कच्चा माल एकच.

या कारखान्यावर पहारा देणाऱ्या प्रथिनाचं नाव अँटिझाइम. त्याची जन्मकथा मला पेशीविज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. रायबोसोम आरएनएवरचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचत जातो. अँटिझाइमच्या संदेशात मध्येच ‘थांबा’ अशी खूण असते. पेशीत पॉलिअमाइन कमी असतील, तर रायबोसोम तिथेच थांबतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. पॉलिअमाइन भरपूर झाले की तो त्या जागी एक अक्षर पुढे सरकतो. गट बदलतात, ‘थांबा’ ही खूणच वाचली जात नाही आणि अख्खं अँटिझाइम तयार होतं. म्हणजे माल जास्त झाला की मालच पहारेकऱ्याला जन्म देतो. ओडीसीचे दोन रेणू जोडीने काम करतात. अँटिझाइम ती जोडी फोडतं, एकाला धरतं आणि प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिअसोमकडे नेतं. इतर बहुतेक प्रथिनांवर मोडण्याआधी युबिक्विटिनची खूण लागते; इथे तिचीही गरज पडत नाही. शिवाय बाहेरून पॉलिअमाइन आत घेण्यालाही अँटिझाइम आवर घालतं.

कर्करोगात ही शिस्त अनेक ठिकाणी मोडते. मिक हे जनुक ओडीसीचं जनुक थेट चालू करतं, आणि मिक बेफाम झालेले कर्करोग कितीतरी आहेत. मोठ्या आतड्यात एपीसी हे जनुक मिकला दाबून ठेवतं; ते बिघडलं की तिथेही ओडीसी वाढतं. पहारेकऱ्याला फसवणारंही एक प्रथिन आहे. ते दिसायला ओडीसीसारखं, पण काम काहीच करत नाही. अँटिझाइम त्यालाच अधिक घट्ट धरून बसतं आणि खरं ओडीसी मोकळं राहतं. यकृताच्या कर्करोगात या प्रथिनाच्या आरएनएमधलं एक अक्षर बदललेलं सापडलं, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. तेवढ्या बदलाने त्याची पकड आणखी घट्ट होते.

मग ओडीसीच बंद पाडलं तर? सत्तरच्या दशकात त्यासाठी डीएफएमओ, म्हणजेच एफ्लॉर्निथिन, तयार झालं. कुलपात जाऊन किल्ली तुटावी, तसं ते ओडीसीत कायमचं अडकतं. प्रयोगशाळेत पेशींची वाढ थांबली; रुग्णांमधल्या गाठी मात्र फारशा आटल्या नाहीत. नवं ओडीसी सतत तयार होत होतं, आणि पेशी रक्तातून, म्हणजे पर्यायाने अन्नातून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून, पॉलिअमाइन ओढून घेत होत्या. (स्पर्मिडिनच्या गोळ्या ‘तारुण्य टिकवायला’ म्हणून विकल्या जातात. कर्करोगावर उपचार चालू असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.)

औषधाला यश आलं ते आफ्रिकेतल्या निद्रारोगावर. तो रोग घडवणाऱ्या परजीवीचं ओडीसी दीर्घायुषी असतं, लवकर बदललं जात नाही; त्यामुळे एकदा अडकलं की परजीवी हतबल. 1990 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. तोवर शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल द्यावं लागे, आणि वीस रुग्णांमागे सुमारे एक त्या औषधानेच दगावे. तरीही नफा नाही म्हणून नव्वदच्या दशकात एफ्लॉर्निथिनचं उत्पादन थांबलं. 2000 मध्ये तेच रसायन चेहऱ्यावरचे केस कमी करणारं क्रीम म्हणून अमेरिकेच्या बाजारात आलं. हे वाचताना आजही संताप येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘मेदसां सां फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेने दबाव आणल्यावर 2001 पासून आफ्रिकेला औषधाचा पुरवठा पुन्हा मिळू लागला.

कर्करोगात त्याचा उपयोग सापडला तो गाठ आटवण्यासाठी नव्हे, तर ती पुन्हा येऊ नये यासाठी. आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या छोट्या गाठी, काढलेल्या 375 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. डीएफएमओ आणि सुलिंडॅक हे दाहशामक औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना पुन्हा पॉलिप झाले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण 41 टक्के होतं. आनुवंशिक पॉलिपोसिसच्या रुग्णांत मात्र पुढच्या चाचणीत या जोडीची अपेक्षित सरशी दिसली नाही.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने न्यूरोब्लास्टोमा या मुख्यतः लहान मुलांच्या कर्करोगासाठी एफ्लॉर्निथिनच्या गोळ्या मान्य केल्या. या रोगात मिकचंच भावंड असलेलं एमवायसीएन जनुक अनेकदा उफाळलेलं असतं. जास्त धोक्याच्या गटातल्या, पण आधीच्या उपचारांना प्रतिसाद दिलेल्या रुग्णांना त्या दोन वर्षं द्यायच्या. चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी 84 टक्के रुग्ण रोग न उलटता होते. तुलनेच्या गटात 73 टक्के. तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून नव्हे, आधीच्या एका चाचणीतून घेतलेला होता, हे लक्षात ठेवायला हवं. ऐकू कमी येणं हा दुष्परिणामही आहे, त्यामुळे श्रवणचाचणी टाळून चालत नाही. आता डीएफएमओच्या जोडीला बाहेरून पॉलिअमाइन आत येणंच रोखणारं औषध देऊन चाचण्या सुरू आहेत. सत्तरच्या दशकात उघडी राहिलेली वाट ती हीच.