शंखाचं तोंड बघा, रंग नंतर!

खडकावरचा नखाएवढा शंख ओळखायचाय? मग आधी रंग विसरा. नेरिटा शंखांच्या काही जातींत काळे, ठिपकेदार, पट्ट्यापट्ट्यांचे असे सगळे भाऊबंद एकाच कातळावर शेजारी शेजारी नांदतात. त्यात उन्हानं रंग विटतो आणि वर शेवाळ चढतं ते वेगळंच. शंख अलगद उलटा करा. खरी ओळख त्याच्या तोंडाशी असते.

तोंड अर्धचंद्रासारखं आणि त्याच्या सरळ काठावर बारीक दात दिसले, तर तो नेरिटा. कोकणात आणि मुंबईत हा सर्रास भेटतो. वाढता वाढता हा गडी आतल्या वेटोळ्यांच्या भिंती स्वतःच विरघळवून टाकतो. त्यामुळे त्याचा रिकामा शंख कापून पाहिला तर नेहमीचा गोल जिना सापडत नाही, मधल्या भिंती पाडून मोठी केलेली खोलीच दिसते!

दार सांगतं घर कुणाचं

टर्बो आणि ट्रोकस ही जोडी भल्याभल्यांना चकवते. दोघंही ओहोटीच्या डबक्यांत राहतात, दोघांचंही अस्तर मोत्यासारखं चमकतं. अशा वेळी तोंडावरचं झाकण बघायचं. टर्बोचं झाकण चुन्याचं, जाडजूड आणि बाहेरून फुगीर. ट्रोकसचं पातळ, तपकिरी, लवचीक आणि त्यावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी बारीक वेटोळी. एवढ्या एका खुणेवर दोन घराणी वेगळी होतात, आणि मला तरी शंखांच्या जगातली ही सगळ्यात सुंदर खूण वाटते.

खाच दिसली की शिकारी

तोंडाच्या खालच्या टोकाला खाच किंवा छोटी पन्हळ असेल तर बहुतेक वेळा हा मांसाहारी. त्या खाचेतून तो एक नळी बाहेर काढतो, पाणी आत ओढतो आणि भक्ष्याचा वास घेतो. अपवाद आहेतच. सेरिथियम हा लांबुडका, खवल्याखवल्यांचा शंख खाच मिरवतो, पण खातो शेवाळ.

खडकावरच्या कालवांच्या आसपास थाईसच्या गोतावळ्यातले खडबडीत, गाठीगाठींचे शंख दिसतील. ते कालवांना भोक पाडून खातात. एका ग्रंथीच्या स्रावानं शिंपला मऊ करायचा, मग दातेरी जिभेनं खरवडायचं, पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. जाड शिंपल्यासाठी हे काम दिवसेंदिवस चालतं. किनाऱ्यावर सापडलेल्या शिंपल्यातलं भोकही बोलकं असतं: सरळ, नळीसारखं असेल तर बहुधा या मंडळींचं, वर रुंद आणि आत निमुळतं असेल तर वाळूत राहणाऱ्या गुळगुळीत चंद्रशंखाचं.

थाईस ज्या म्युरेक्स कुळातला, त्याच कुळातल्या भूमध्य समुद्रातल्या शंखांपासून रोमन सम्राटांचा जांभळा रंग निघायचा. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं १२,००० शंख वापरले, तेव्हा कुठे त्याच्या हाती १.४ ग्रॅम रंग लागला.

वेटोळंच नाही, तरी गोगलगायच

कातळाला घट्ट चिकटलेल्या छोट्या टोप्या म्हणजे लिम्पेट. यांच्यातही तोतये आहेत! टोपीच्या उजव्या कडेला थोडा फुगवटा असेल तर तो सायफोनेरिया. तो फुप्फुसासारख्या पोकळीनं हवेतही श्वास घेतो. खरा लिम्पेट वेगळ्या घराण्यातला. त्याचे दात गोएथाइट या लोहखनिजाच्या तंतूंनी भरलेले असतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते ताणून तपासले, तेव्हा कोळ्याच्या रेशमापेक्षाही ते मजबूत निघाले.

शंख कातळावर किती उंचीवर सापडला, तेही टिपून ठेवा, कारण पत्त्यावरूनही ओळख पटते. जिथे फक्त लाटांचे तुषार पोचतात, तिथे चिटुकले लिटोरिना राहतात. कातळ तापला की ते चिकट स्रावानं शंखाचा काठ दगडाला डकवतात, अंग आत घेतात आणि झाकण लावून बसतात. काही जाती तर शंखाच्या कडेवर उभ्या राहतात, म्हणजे तापलेल्या दगडाचा स्पर्श कमीत कमी. त्यांच्या खाली नेरिटा, आणि आणखी खाली, ओलाव्यात, टर्बो-ट्रोकस.

शंकूच्या आकाराचा आणि लांब अरुंद फटीसारख्या तोंडाचा शंख दिसला तर मात्र हात मागे! तो कोनस. विषारी भाल्यासारख्या दातानं तो भक्ष्य मारतो आणि त्याच्या काही जातींच्या दंशानं माणसंही दगावली आहेत. कोनसच्याच एका जातीच्या विषावरून बनलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

आणि शंख तुरुतुरु पळत असेल तर आत गोगलगाय नाहीच, साधू खेकडा आहे.

जायचं कधी? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, कारण तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं. मुंबईत या दिवसांत भरती भरदुपारी असते आणि तळाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी अशाच वेळा साधून लोकांना किनारा दाखवायला नेतात. शेजारी नाणं ठेवून तीन फोटो घ्या: वरून, तोंडाकडून आणि झाकणाचा जवळून. मग शंख होता त्याच जागी ठेवा. लिम्पेट तर मुळीच उपटू नका. कित्येक लिम्पेटच्या टोपीची कड त्यांच्या ठरलेल्या जागेच्या खाचाखोचांबरहुकूम वाढलेली असते, दुसरीकडे ती नीट बसत नाही.