जहाजाचं तिकीट: आधी काढावं की भाव उतरायची वाट बघावी?

(रेडिओवरच्या बोलण्याचं हे शब्दरूप.)

भांडी राहिली असतील तर रेडिओचा आवाज वाढवा आणि घासता घासता ऐका. आज हिशेबाचं बोलायचंय, पण विषय मौजेचा आहे.

एका गटाच्या सचिवताईंनी फोन केला होता. त्या म्हणाल्या, “ताई, आम्ही बारा जणी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजाने सहलीला जायचं ठरवतोय. दोन वर्षं वेगळी भिशी लावली. आता माझा मुलगा म्हणतो, थांब आई, जहाज सुटायच्या तोंडावर तिकीट स्वस्त होतं. एजंट म्हणतो, आजच काढा, उद्या महागेल. खरं कोणाचं मानायचं?”

मी म्हटलं, दोघांचंही निम्मं निम्मं खरं आहे. कसं, ते आपल्या आठवडी बाजारातच समजतं.

आपण सकाळी मेथीच्या जुड्या घेऊन बसतो तेव्हा भाव धरून असतो. कोणी घासाघीस केली तर म्हणतो, परवडत नाही, जा पुढे. दिवेलागण झाली आणि पाटीत दहा जुड्या उरल्या, की आपणच हाक मारतो, “घ्या मावशी, दोन घ्या, एक वर घ्या.” का? कारण ती मेथी उद्या विकली जाणार नाही. घरी नेऊन म्हशीपुढे टाकण्यापेक्षा येतील ते पैसे बरे.

जहाजावरच्या खोलीला केबिन म्हणतात. केबिन ही मेथीच्या जुडीसारखीच. जहाज धक्क्यावरून सुटलं की रिकामी राहिलेली केबिन त्या फेरीपुरती वाया गेली. डिझेल तेवढंच जळतं, कामगारांचा पगार तेवढाच द्यावा लागतो. म्हणून खूप केबिन उरल्या तर कंपनी शेवटी भाव उतरवते. मुलगा म्हणतो ते इथवर खरं.

पण बाजार भरात असला, सणाचा असला, तर मेथी दुपारीच संपते. संध्याकाळी पाटीत काही नसतंच, मग भाव कशाचा उतरायचा? उलट शेवटच्या चार जुड्या आपण चढ्या भावाने देतो. जहाजाचंही तेच. दिवाळीची सुट्टी, नाताळ, नवीन वर्ष, शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी, अशा वेळी केबिन आधीच भरतात आणि उरलेल्या महाग होतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे फिरायचे दिवस मुळात पावसाळा सरल्यावरचे. म्हणून एजंटही अगदी खोटं बोलत नाही. फक्त तो प्रत्येक तारखेला तेच बोलतो, एवढं ध्यानात ठेवा. कामाच्या वारी निघणारी फेरी बहुतेक वेळा सुट्टीच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते. शाळेला जाणारं मूल सोबत नसेल तर आपल्यासारख्या बायकांनी आधी ती तारीख विचारावी. वाट न बघता मिळणारी सूट ती हीच.

आणखी एक गोष्ट. उरलेल्या पाटीत निवड नसते. सांजच्या गिऱ्हाइकाला वांगी मिळतात, पण किडकी-फुटकी निवडून टाकायची सोय नसते. तसंच शेवटी मिळणारी केबिन बहुधा आतल्या बाजूची, खिडकी नसलेली असते, किंवा एक या मजल्यावर तर दुसरी त्या मजल्यावर. एकट्या-दुकट्याला चालतं. बारा जणींना शेजारी शेजारी सहा केबिन शेवटच्या आठवड्यात मिळणं कठीण.

परदेशात हा धंदा फार मोठा आहे. अमेरिकेत लोक वर्षभर आधी जहाज ठरवतात. सुरुवातीला थोडी रक्कम भरायची आणि उरलेली जहाज सुटायच्या साधारण तीन महिने आधी. ती मुदत आली की काही लोक माघार घेतात, त्यांच्या केबिन परत विक्रीला येतात आणि तेव्हा भाव हलतो. तिथले जाणते लोक लवकर तिकीट काढतात, पण भावावर नजर ठेवतात. मुदतीच्या आत भाव उतरला तर कंपनीला म्हणतात, आम्हालाही नवा भाव लावा. बऱ्याच कंपन्या लावतातही. आपल्याकडे प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, पण विचारायला पैसे पडत नाहीत. मात्र उत्तर लेखी घ्या.

आता आपला हिशेब. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, खरा भाव तुम्ही विचारून घ्या.

समजा एका बाईचं तिकीट 20,000 रुपये. गटात आपण अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये महिना व्याजाने देतो असं धरू. चार महिने आधी सगळे पैसे भरले तर त्या 20,000 वर महिन्याला 400, चार महिन्यांचे 1,600 रुपये व्याज बुडालं. बारा जणींचे 19,200. म्हणजे आधी काढलेलं तिकीट फुकट आधी नसतं, त्याचीही किंमत असते. हे एजंट सांगत नाही.

आता दुसरी रीत. आधी फक्त 5,000 भरले आणि उरलेले 15,000 एक महिना आधी भरले. पाच हजारांचं चार महिन्यांचं व्याज 400, पंधरा हजारांचं एका महिन्याचं 300. एकूण 700. सगळे पैसे एकदम भरण्यापेक्षा दर बाईमागे 900 रुपये वाचले, आणि जागाही पक्की झाली. म्हणून पहिला प्रश्न “किती सूट देता?” हा नको. “आधी किती भरायचे आणि उरलेले कधी?” हा हवा.

आणि थांबलो तर? शेवटी भाव 3,000 नी उतरला तर फायदा आपला. 3,000 नी चढला तर तोटाही आपलाच. त्यात घरून मुंबईला पोचायचं तिकीट धरा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. तिथे शेवटी भाव उतरत नाही, उलट तत्काळचे जादा पैसे पडतात. स्लीपरला 100 ते 200, थ्री एसीला 300 ते 400 रुपये. शिवाय पक्कं झालेलं तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर पैसे परत नाहीत. एसटीत मात्र मार्च 2023 पासून आपल्याला अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. पण एसटी वाटेत बंद पडली तर जहाज थांबत नाही. निघायच्या काही तास आधीच चढण्याचं दार बंद होतं, आणि उशिरा पोचणाऱ्याला सहसा पैसे मिळत नाहीत. लांबून जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी, आणि त्या मुक्कामाचा खर्चही हिशेबात मांडावा.

हे झालं पैशाचं. आता जे वहीत लिहिलं जात नाही ते सांगते.

शेवटच्या क्षणी स्वस्त तिकीट कोणाला मिळतं? ज्याला आज फोन आला आणि परवा निघता येतं त्याला. आपल्यातल्या किती जणींना परवा निघता येतं? म्हशीची धार कोण काढणार, सासऱ्यांच्या गोळ्या कोण देणार, कांद्याची काढणी कधी, सुनेचे दिवस भरत आले का, हे सगळं लावून मगच बाईचा पाय घराबाहेर पडतो. त्याला महिना लागतो. तारीख पक्की असली तर घरचे तयार होतात. “बघू, भाव उतरला तर जाऊ” असं म्हटलं की घरचेही म्हणतात, “बघू.”

आमच्या गटाचं असंच चुकलं. आम्ही दहा जणी होतो. जहाजाचं पहिल्यांदा बोलल्या त्या आमच्या काकू. सत्तरीच्या जवळ आलेल्या, जन्मभर माण देशाच्या उन्हात राबलेल्या, समुद्र फक्त टीव्हीत बघितलेला. तिकीट चार महिने आधी मिळत होतं. मीच म्हटलं, थांबू, उतरेल. आणि खरंच उतरलं! आठ दिवस आधी दर माणशी तीन हजारांनी खाली आलं. पण केबिन उरल्या होत्या तीन, दोन दोन जणींच्या. चिठ्ठ्या टाकल्या. काकूंची चिठ्ठी निघाली नाही. आपली जागा द्यायला दोघी तयार होत्या, पण काकू ऐकेनात. म्हणाल्या, “जावा गं तुम्ही, मी म्हसरं बघते.”

आम्ही सहा जणी जाऊन आलो. सहा तिकिटांवर अठरा हजार वाचले. ते कुठे खर्च झाले, आज मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. आता त्या अंगणाच्या बाहेर पडत नाहीत. मी भेटायला गेले की विचारतात, “पाणी खरंच निळं असतं का गं?”

म्हणून माझं सांगणं असं. दोघी-तिघीच असाल, मुंबईजवळ राहत असाल, घरी मागे बघणारं कोणी असेल, तर थांबायला हरकत नाही. नाहीच मिळालं तर पुढच्या फेरीला जाल. पण दहा-बारा जणी असाल, लांबून यायचं असेल, त्यात एखादी वय झालेली असेल, तर जागा आधी धरा. थोडी रक्कम भरून धरा, उरलेले मुदतीला भरा, आणि तोवर भावावर नजर ठेवा.

पैसे भरण्याआधी या गोष्टी लिहून घ्या:

सांगितलेला भाव एका माणसाचा की केबिनचा? जाहिरातीत बहुधा दोघींनी मिळून राहायचा, एकीचा भाव असतो. तिसरी जण त्याच केबिनमध्ये राहिली तर तिला पुष्कळदा कमी पडतं. एकटी राहिली तर जास्त.

त्यात जीएसटी, बंदराचा आकार, सेवाशुल्क धरलंय का? नसेल तर एकूण आकडा मागा. जेवण बहुधा तिकिटात असतं, पण काय काय वेगळं घेतात ते विचारा.

एकीने माघार घेतली तर किती पैसे कापतात, किती दिवस आधीपर्यंत? तिच्या जागी दुसरीचं नाव घालता येतं का? आपल्याकडे दुखणं-खुपणं, मयत, पाऊस सांगून येत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच.

पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरा आणि पावती घ्या. “आज रात्रीपर्यंतच, निम्म्या भावात” असा मेसेज मोबाईलवर आला तर आधी कंपनीला फोन करून खात्री करा. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा. कंपनी कबूल केलेलं देत नसेल तर ग्राहकांसाठीचा क्रमांक 1915 आहे.

शेवटचं, सहलीची भिशी वेगळीच ठेवा. गटाची बचत आणि बँकेचं कर्ज यांना हात लावू नका. समुद्र बघून आल्यावर हप्त्याची काळजी नको.

त्या सचिवताईंना मी एवढंच विचारलं, “तुमच्या बारा जणींत सगळ्यात वयस्कर कोण?” त्या म्हणाल्या, “माझ्या सासूबाई.” मी म्हटलं, मग त्यांना कोणती तारीख जमते ते आधी विचारा, आणि त्या तारखेची जागा धरा.

येते बायांनो. भांडी झाली असतील.