डाइव्ह वॉच: घेण्याचा आणि सांभाळण्याचा हिशेब

आज विषय थोडा खर्चिक आहे. आम्ही दोघे भाऊ ठाण्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवतो, वडिलांच्या वेळचं. इथे बोलायला एकच जण उभा असला तरी दुकान दोघांचं, म्हणून सवयीने 'आम्ही'च म्हणणार. चालवून घ्या.

गेल्या वर्षी आमचा मामेभाऊ निवृत्त झाला. ग्रॅच्युइटी हातात आली आणि तो दुकानात येऊन म्हणाला, "दादा, एक स्विस डाइव्ह वॉच घ्यायचंय. सहा लाखांपर्यंत जातंय. घेऊ का?" साधा प्रश्न होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता येईना. त्याचं कारण त्याच्याच वडिलांच्या घड्याळात आहे, तेव्हा आधी तेच सांगतो.

मामा जहाजावर होते. १९७६ साली एका परदेशी बंदरात त्यांनी डाइव्ह वॉच घेतलं, तेव्हाच्या दोन-अडीच महिन्यांच्या पगाराचं. १९९१ च्या मे महिन्यात ते ऑइलिंगसाठी आमच्याकडे दिलं. आम्ही तेव्हा तसे नवशिकेच. मागचं झाकण उघडलं तर आतली रबराची रिंग चपटी आणि कडक झालेली. त्या मापाची नवी रिंग आमच्याकडे नव्हती, मागवायला चार दिवस लागले असते, आणि मामांची गुहागरची एसटी त्याच रात्रीची होती. आम्ही जुन्याच रिंगला ग्रीस लावलं आणि झाकण घट्ट बसवलं. मामांनी विचारलं, "पाण्यात चालेल ना रे?" आम्ही म्हणालो, "चालेल की मामा, डाइव्ह वॉच आहे ते."

तिसऱ्या दिवशी समुद्रात पोहल्यावर काचेला आतून वाफ धरली. मामांना वाटलं, उन्हात ठेवलं की सुकेल. तीन आठवड्यांनी घड्याळ आमच्याकडे आलं तेव्हा डायलवर फोड आले होते, काटे गंजले होते आणि मशीनमधले पोलादी भाग लाल झाले होते. खारं पाणी आत गेलं तर घड्याळ त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उघडावं लागतं. तीन आठवडे म्हणजे संपलंच. मामा आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. पुढे त्यांनी मनगटावर घड्याळच बांधलं नाही, वेळ विचारून घ्यायचे.

आता मूळ वस्तूकडे येऊ. डाइव्ह वॉच जन्माला आलं ते खरोखरच्या गरजेतून. पाण्याखाली माणसाच्या पाठीवर हवेची टाकी असते, ती किती मिनिटं पुरेल याचा अंदाज असतो, आणि खाली गेल्यावर वेळेचं भान राहत नाही. ब्लाँपां कंपनीचे तेव्हाचे प्रमुख ज्याँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हर होते; एकदा पाण्याखाली त्यांचीच हवा संपली होती. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी घड्याळ शोधत होते. त्यातून १९५३ साली 'फिफ्टी फॅदम्स' आलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरिनरही १९५३ चंच. काचेभोवतीची फिरणारी रिंग, म्हणजे बेझल, हा या घड्याळांचा खरा कामाचा भाग. पाण्यात उतरताना बेझलवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग किती मिनिटं गेली ते वजाबाकी न करता दिसतं. आजच्या डाइव्ह वॉचमध्ये ती एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागून सरकलीच, तर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ गेलेला दिसतो. माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही.

१९८० च्या दशकात डाइव्ह कॉम्प्युटर आले आणि ही गरज जवळजवळ संपली. खोली, वेळ, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब, सगळं तो करतो. तारकर्लीला स्कुबाला गेलात तर तिथला प्रशिक्षक आपल्या मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे बघतो. तेव्हा 'उपयोगी पडेल' हे कारण स्वतःला सांगू नका. आवडतं म्हणून घ्यायचंय, हे कारण पुरेसं प्रामाणिक आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बेझलचा आमच्या घरी सर्वात जास्त वापर भात शिजायला लावल्यावर होतो.

डायलवर '३०० मीटर' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय? पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे. त्यानुसार किमान १०० मीटरची क्षमता हवी, आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबाला तपासलं जातं. म्हणजे ३०० मीटरचं घड्याळ ३७५ मीटरच्या दाबाला. साध्या 'वॉटर रेझिस्टंट' घड्याळांत नमुन्याची तपासणी चालते, इथे एकेक तपासतात. शौकिया डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर धरतात. मग कारखान्यातून निघालेलं ३०० मीटरचं घड्याळ आपल्या पोहण्याला घाबरायचं काहीच कारण नाही. बरोबर. पण ही गोष्ट कारखान्यातून निघालेल्या दिवसाची आहे.

पाणी अडवतात ती पोलादाची केस आणि जाड काच, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पाणी अडतं ते झाकणाखाली, काचेभोवती आणि चावीच्या नळीत बसवलेल्या दोन-चार रुपये वजनाला न भरणाऱ्या रबरी रिंगांमुळे. घरातल्या कुकरची रिंग आठवा. नवी असताना झाकण लावायला जोर लागतो, वर्ष-दोन वर्षांत ती सैल पडते, कडक होते, बाजूने वाफ सुटायला लागते. कुकर तोच, रिंग गेली. घड्याळात हेच होतं, फक्त शिट्टी वाजत नाही. घाम, साबण, परफ्यूम, गरम पाण्याची अंघोळ यांनी ते लवकर होतं. आणि घड्याळ कपाटात ठेवलं तरी रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. 'मी तर वापरलंच नाही' म्हणत दहा वर्षांनी तलावात उतरणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. पोहताना हात आपटला की दाब प्रचंड वाढतो, म्हणून १०० मीटरच्या घड्याळाने पोहू नये, असं सांगितलं जातं. हाताचा वेग अगदी सेकंदाला दहा मीटर धरला तरी वाढणारा दाब पाच मीटर खोलीइतकाच भरतो. घड्याळात पाणी शिरतं ते जुन्या रबरातून किंवा उघड्या राहिलेल्या चावीतून. तारीख बदलल्यावर चावी परत फिरवून बसवायला विसरणं, हे आमच्याकडे येणाऱ्या भिजलेल्या घड्याळांचं सर्वात नेहमीचं कारण आहे.

दुसरा भाग मशीनचा. बहुतेक स्वयंचलित घड्याळांचं चाक तासाला २८,८०० ठोके घेतं, सेकंदाला आठ. वर्षाला पंचवीस कोटींच्या वर झाले. त्यातलं तेल सुकतं, घट्ट होतं, मग धातूवर धातू घासतो. घड्याळ चालू असतं म्हणून कळत नाही. ओमेगा पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, रोलेक्स साधारण दहा वर्षांनी. पण रबराने मशीनची वाट बघावी असं कुठेच लिहिलेलं नाही. पाण्यात वापरत असाल तर दरवर्षी दाबाची तपासणी हवी. ती सोपी आहे: घड्याळ डब्यात ठेवून हवेचा दाब वाढवतात, केस मायक्रॉनमध्ये दबते. दबलेली तशीच राहिली तर ठीक. हळूहळू पूर्ववत व्हायला लागली तर आत हवा शिरतेय. न भिजवता, काही मिनिटांत कळतं. झाकण कुठल्याही कारणाने उघडलं, अगदी क्वार्ट्झ डाइव्ह वॉचचा सेल बदलायला का असेना, तरी रिंग बदलून ही तपासणी करून घ्या. १९९१ साली आमच्याकडे हे यंत्र नव्हतं. पण रिंग बदलेपर्यंत 'मामा, पाण्यात नेऊ नका' एवढं सांगायला यंत्र लागत नव्हतं.

मामेभावासमोर आम्ही कागद घेतला. समजा घड्याळ सहा लाखांचं. वीस वर्षांत तीन सर्व्हिसिंग, प्रत्येकी पन्नास हजार धरू, दीड लाख. वर्षाला तपासणीचे दोन हजार, चाळीस हजार. एकूण सात लाख नव्वद हजार, म्हणजे महिन्याला साधारण ३,३०० रुपये. यात हरवण्या-चोरीचा विमा नाही आणि पुढची भाववाढही नाही. तो आकड्याकडे बघत राहिला. सहा लाखांचा विचार त्याने केला होता, दीड लाखाचा नव्हता. आमच्या मते निर्णय इथेच होतो. सर्व्हिसिंगचं बिल बघून ज्याला घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकावंसं वाटेल, त्याने ते घेऊ नये. पोहायला, पावसाला, खडबडीत वापरायला घड्याळ हवं असेल तर आयएसओ मानकाचं जपानी डाइव्ह वॉच याच्या दशांश किमतीत मिळतं आणि तितकंच कोरडं राहतं. रबर मात्र त्याचंही बदलावं लागतं.

खरेदीबद्दल थोडंसं. दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का टीसीएस घेतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा. स्विस मालावरचं सीमाशुल्क १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झालेल्या करारानुसार टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, तेव्हा घाई नसेल तर थांबायला हरकत नाही. दुबईहून आणलं तर विमानतळावर जाहीर करा. जुनं घेत असाल तर विकणाऱ्याचं 'वॉटरप्रूफ आहे' हे वाक्य कानाआड करा, आधी दाबाची तपासणी. आणि सर्व्हिसिंगला देताना पॉलिश करू नये आणि बदललेले सुटे भाग परत द्यावेत, असं पावतीवर लिहून घ्या. पॉलिशने कडा गोल होतात, डायल बदलली की जुन्या घड्याळाची किंमत उतरते. दोन्ही गोष्टी परत येत नाहीत.

रोजची काळजी फारशी नाही. समुद्रातून आल्यावर चावी घट्ट आहे हे बघून गोड्या पाण्याखाली धरायचं आणि बेझल दोन-तीनदा फिरवायची, म्हणजे वाळू-मीठ निघून जातं. पाण्याखाली चावीला हात लावायचा नाही. काचेला आतून वाफ दिसली की ऊन, तांदळाचा डबा वगैरे काही नको, सरळ दुरुस्तीला.

मामेभावाने आठ महिने घेतले. आधी मामांचं घड्याळ आमच्याकडे आणलं आणि विचारलं, "हे चालू होईल?" मशीनचे गंजलेले भाग बदलले, नव्या रिंगा घातल्या, फोड आलेली डायल त्याच्या सांगण्यावरून तशीच ठेवली. ते आता चालतं, पण पाण्याजवळ न्यायचं नाही. केसच्या आतल्या कडेला गंजाने खड्डे पडले आहेत, तिथे रिंग नीट बसत नाही. या वेळी हे आम्ही त्याला आधी सांगितलं आणि पावतीवरही लिहिलं. मग त्याने नवं घेतलं, सहा लाखांचं नाही, चार लाखांच्या आतलं, आणि त्याच दिवशी महिन्याला हजार रुपयांची आवर्ती ठेव सर्व्हिसिंगसाठी उघडली. दाबाची पहिली तपासणी येत्या मे महिन्यात, गुहागरला जायच्या आधी. तारीख त्याने घड्याळाच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवली आहे.