सेवाग्रामचा टेलिफोन आणि सोमवारचे मौन

मोबाइलपायी लक्ष विचलित होते, तेव्हा तो टाकूनच द्यावा, असा सल्ला देताना गांधीजींचा दाखला हमखास दिला जातो. सेवाग्राम म्हणजे यंत्राविना जगणे, हा त्यामागचा समज. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते आणि ना धड रस्ता होता ना टपाल कचेरी, हे खरे. पण पुढे आश्रमात टेलिफोन आला. गांधीजींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून दिला होता. तो ठेवला होता दफ्तरात, राहत्या कुटीत नव्हे. उशाशी मोबाइल घेऊन झोपणाऱ्यांनी एवढा तपशील जरूर पाहावा.

यंत्राला सरसकट विरोध हाही असाच गैरसमज. शिलाई यंत्राला आपला आक्षेप नाही, असे गांधीजींनी १९२४ मध्येच एका मुलाखतीत सांगितले होते. त्यांचा आक्षेप यंत्राच्या हव्यासाला होता. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका हवा, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी आणि तो वीस वर्षे टिकला पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्र कोणासाठी आणि कशासाठी, हे आधी ठरवून मग ते मागवण्याची ही रीत होती.

‘सगळे बंद केले तर महत्त्वाचा निरोप चुकेल’ ही भीती सर्वांत चिवट. तिला सोमवारच्या मौनाइतके चोख उत्तर क्वचितच सापडेल. गांधीजी दर सोमवारी बोलत नसत, पण त्या दिवशी काम थांबत नसे. लेखन, पत्रे चालू असत, कोणी भेटायला आले तर चिठ्ठीवर उत्तर मिळे. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीच्या योजनेवर बोलण्यासाठी माउंटबॅटन यांच्यासमोर बसलेल्या गांधीजींनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून संवाद साधला. मौनाला आपण दोन अपवाद ठेवले आहेत, असे त्यांनी त्यात कळवले: उच्चपदस्थांशी तातडीचे बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा. अपवाद आधीच ठरलेले होते, शिवाय सवलत असूनही ती त्या दिवशी वापरली गेली नाही. मोबाइलमधील ‘डू नॉट डिस्टर्ब’ हीच सोय देते. घरचे दोन-तीन क्रमांक अपवादात घातले, की बाकीचे निरोप तासभर थांबू शकतात.

‘फोन वाजला तरी पाहिला नाही म्हणजे झाले’ असे मानणारेही पुष्कळ. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील २०१५ च्या प्रयोगात सहभागींनी फोन हातात घेतला नव्हता, तरी नोटिफिकेशन येताच त्यांच्या हातून जास्त चुका झाल्या. म्हणजे निग्रहापेक्षा सूचनाच बंद करणे अधिक उपयोगी.

दोन कामे एकदम करता येतात, हा समज अर्धा खरा आहे. गांधीजी सूत काततानाही भेटायला आलेल्यांशी बोलत. कारण सरावाने हाताला वळण लागले की कातण्यासाठी फारसे लक्ष लागत नाही. बैठक ऐकत संदेश लिहिणे मात्र निराळे. दोन्ही कामे शब्दांची, त्यामुळे मेंदू या कामावरून त्या कामावर उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीत वेळ जातो.

उरला शेवटचा गैरसमज: हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. एकट्याने फोन बाजूला ठेवणे अवघड जाते, कारण बाकीचे सगळे ऑनलाइन असतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हा प्रश्न गावाचा मानला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे ठरले. साडेआठला दुसरा भोंगा वाजतो. त्यानंतर दोन्ही पुन्हा सुरू करायला कोणाची हरकत नसते.