शस्त्रकथा, भाग ६ : ओढणारे हात, नेमाचे डोळे

मागच्या भागात दख्खनी स्वाराचं धनुष्य पाहिलं. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायुतंतू सरसानं जोडून केलेलं. ते घोड्यावरून पेलायला वर्षानुवर्षांचा सराव लागे. आज त्याच काळातलं युरोपातलं शस्त्र पाहू : क्रॉसबो. तो जोरकस होता म्हणून गाजला, असं सहसा सांगतात. माझ्या मते त्याचं मोठेपण दुसरीकडे आहे. दोरी ओढणं आणि नेम धरणं ही दोन कामं त्यानं एकमेकांपासून सोडवली.

साध्या धनुष्यात दोरी ताणून धरायची आणि त्याच दमात नेमही साधायचा. दंड थरथरला की बाण भलतीकडे. क्रॉसबोत चाप लाकडी दांड्यावर आडवा बसवलेला असतो. दोरी मागं ओढून शिंगाच्या एका फिरत्या बोंडात अडकवायची, आखूड जाड बाण खोबणीत ठेवायचा, की ताण शस्त्रच सांभाळतं. मग तटाच्या जंगीआड हवा तितका वेळ थांबावं, शत्रू टप्प्यात आला की खालची पट्टी दाबावी. बोंड फिरतं, दोरी सुटते. हे काम शेतकरी किंवा विणकरसुद्धा थोडक्या दिवसांत शिकू शके. चीनमध्ये तर काशाच्या खटक्याचे क्रॉसबो दोन हजार वर्षांपूर्वीच सैन्यात होते.

दोरी ओढायला आधी दांड्याच्या पुढच्या टोकाच्या रिकिबीत पाय रोवत, कमरपट्ट्याच्या आकड्यात दोरी अडकवत आणि पाठ सरळ करत उठत. पंधराव्या शतकात पोलादी चाप रुळले, तेव्हा चरखी आणि दातेरी चाकं लागली. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाणाला मिळणारी ऊर्जा केवळ जोरावर ठरत नाही, दोरी किती अंतर बाणाला ढकलते यावरही ठरते. लांब धनुष्यात हे अंतर हातभराहून जास्त, क्रॉसबोत जेमतेम वीतभर. म्हणून चाप कितीतरी पट ताठ असूनही बाण तितक्या पट जोरानं जात नसे. शिवाय कसलेला धनुर्धर मिनिटाला दहा बाण सोडी, तेवढ्यात क्रॉसबोवाल्याचे दोनच सुटत.

ही उणीव 1346 मध्ये क्रेसीच्या मैदानात उघडी पडली. फ्रेंचांचे भाडोत्री जिनोव्ही क्रॉसबोवाले चालून थकलेले, आडोशाच्या मोठ्या ढाली मागं सामानात राहिलेल्या. इंग्रज धनुर्धरांनी त्यांची दाणादाण उडवली. तटावर मात्र चित्र उलटं. 1199 मध्ये फ्रान्समधल्या शालूच्या गढीवरून आलेल्या क्रॉसबोच्या एका बाणानं इंग्लंडचा राजा रिचर्ड जखमी झाला आणि जखम चिघळून मेला. त्याआधी 1139 मध्ये चर्चच्या धर्मसभेनं ख्रिस्ती माणसांवर धनुष्य आणि क्रॉसबो चालवायला बंदी घातली होती. ती कुणी पाळली नाही.

आता आपल्याकडे. आपलं कोल्हार गाव नगरच्या ज्या निजामशाहीच्या मुलखात होतं, तिचं बंदर चौल. 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं. त्या काळी पोर्तुगीज गलबतांवर क्रॉसबोवाले असत, म्हणजे हे शस्त्र आपल्या किनाऱ्याला लागलं होतं. पण ते घाट चढून रुजलं नाही. दख्खनचं बळ घोडदळात. घोड्यावर बसून रिकिबीत पाय रोवणं, चरखी फिरवणं कसं जमणार? आणि तटावरच्या शिकाऊ माणसाला ज्या शस्त्राची गरज होती, ते दुसऱ्याच रूपात येऊन पोचलं होतं : तोड्याची बंदूक. लाकडी दस्ता, खाली दाबायची पट्टी, ही घडण तिनं क्रॉसबोकडूनच घेतली. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहानं चौलमधल्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला तेव्हा लढाई तोफा-बंदुकांचीच झाली.

कोल्हारचा पूल ओलांडून राहुरीमार्गे नगरला गेलात, तर भुईकोट किल्ल्याचे बुरूज जरूर पाहा. हुसेन निजामशहानं 1559 पासून बांधलेला हा दगडी तट तोफांच्या काळातला. त्याचा रुंद खंदक आणि जाड, गोल बुरूज बाणांना भिऊन घातलेले नाहीत. 1595-96 मध्ये चांदबिबीनं इथं मोगलांना रोखलं, तेव्हा मोगल शहजादा मुरादच्या लोकांनी तट पाडायला सुरुंगच लावले होते.

त्याआधीच, 1549 मध्ये, याच नगरात महंमद रूमीनं ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापुरात आहे. इतका धातू एका साच्यात कसा ओतला, ते पुढच्या आठवड्यात.